रुंद वर्ण आणि एक बाइट : देवनागरी मराठीच्या संगणकीय संकेतनाचा इतिहास

बीजसंज्ञा : देवनागरी संकेतन, इस्की, युनिकोड, सी भाषा, वाइड कॅरेक्टर, बाइट, फाँट

प्रस्तावना

संगणकावर मराठी लिहिता येते ही बाब आज इतकी सवयीची झाली आहे की, तो मजकूर यंत्राच्या आत कोणत्या रूपाने साठविला जातो याचा विचार संगणकशास्त्राबाहेरील अध्यापक सहसा करीत नाही. तो विचार करण्याची वेळ येते ती अडचणीच्या प्रसंगी. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडावी आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसावा. छापील पावतीवर नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग यावी. किंवा गावाचे नाव मध्येच तुटून पुढे एक रिकामा चौकोन राहावा. हे तीन प्रकार वरवर वेगळे दिसतात, परंतु त्यांचे मूळ एकच आहे. मराठीचा वर्ण एका बाइटमध्ये बसविण्याचा प्रयत्न कोठेतरी झालेला असतो आणि तो फसलेला असतो.

सी या प्रोग्रामिंग भाषेत या कामाला स्वतंत्र स्थान आहे. मोठा संकेतांक धारण करणारा 'वाइड कॅरेक्टर', म्हणजे रुंद वर्ण, घेऊन त्याचे बाइटमध्ये रूपांतर करणारी फंक्शने त्या भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात आहेत. अभ्यासक्रमात त्यांना क्वचितच जागा मिळते आणि मिळाली तरी तो एक तपशील म्हणून शिकविला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा तपशील नाही. एका बाइटच्या मापात न बसणाऱ्या लिपीतील काय ठेवावे आणि काय सोडून द्यावे याचा निर्णय त्यात दडलेला असतो. मराठीच्या बाबतीत हा निर्णय बहुतेक वेळा कोणी घेतलाच नाही. तो आपोआप होऊन गेला. त्याचा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

विवेचनासाठी उदाहरण म्हणून 'लोटे' हे रत्नागिरी जिल्ह्यातील गावाचे नाव घेतले आहे. खेड तालुक्यातील, मुंबई-गोवा महामार्गावरील हे गाव रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. नाव निवडण्याचे कारण मात्र साधे आहे : त्यात दोन व्यंजने आणि दोन मात्रा, असे चारच संकेत आहेत आणि त्यांचा प्रवास बोटांवर मोजता येतो.

खिळ्यांच्या केसपासून

लिपी मोठी आणि खण थोडे, ही तक्रार संगणकाने निर्माण केलेली नाही. मराठी छापखान्यातील जुळाऱ्याला देवनागरीसाठी कित्येक शे खिळे हाताशी ठेवावे लागत. रोमन लिपीच्या जुळाऱ्याचे काम त्या मानाने फारच थोड्या खिळ्यांवर भागे. ही संख्या कमी करण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनीही केला होता. पुढे वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीस स्थानबद्ध असताना त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांची स्वतंत्र चिन्हे काढून टाकावीत आणि 'अ'लाच मात्रा देऊन ते स्वर लिहावेत, ही 'अ'ची बाराखडी त्याच चळवळीतील. तिची वैचारिक पार्श्वभूमी काहीही असो, तिच्यामागील यांत्रिक हिशेब सरळ होता : स्वरांचे खिळे कमी झाले की मुद्रण आणि टंकलेखन सोपे होईल.

या प्रयत्नांत आणि पुढील संगणकीय प्रयत्नांत एक महत्त्वाचा भेद आहे. खिळे कमी करताना काय वगळले जाते ते सर्वांना दिसत होते. त्यावर वर्तमानपत्रांतून वाद झाले, लोकांनी ते स्वीकारले किंवा नाकारले. बाइटच्या बाबतीत वगळणूक यंत्राच्या पोटात झाली.

बाइट म्हणजे आठ बिटांचा गट. त्यात शून्यापासून २५५ पर्यंत, म्हणजे २५६ मूल्ये मावतात. १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की या अमेरिकन संकेतप्रणालीने सातच बिटे वापरली आणि इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे व नियंत्रणचिन्हे मिळून १२८ खण भरले. उरलेले वरचे १२८ खण पुढे ज्याने त्याने आपापल्या लिपीसाठी वापरले. सी भाषा १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविली, ती याच वातावरणात. तिच्यातील 'कॅर' हा प्रकार व्याख्येनेच एक बाइट असतो. 'अक्षर म्हणजे एक बाइट' हे समीकरण अशा रीतीने भाषेच्या व्याकरणातच शिरले.

एका बाइटची दोन घराणी

देवनागरीला वरच्या १२८ खणांत बसविण्याचे प्रयत्न भारतात दोन वेगळ्या दिशांनी झाले, आणि हा भेद नीट समजून घेतल्याशिवाय पुढील गोंधळ कळत नाही.

पहिली दिशा वर्णांची. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये देवनागरी टर्मिनलवर जे काम झाले, त्यातून जिस्ट हे तंत्रज्ञान उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ते तेथे वाढले. त्याच्या जोडीने संकेतप्रणालीचे प्रमाणीकरण चालू होते. १९८३ आणि १९८८ च्या मसुद्यांनंतर भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'आय.एस. १३१९४' या क्रमांकाने इस्की हे मानक स्वीकारले. त्यातील तत्त्व भाषाशास्त्राच्या दृष्टीने शुद्ध होते. खण द्यावयाचा तो वर्णाला, आकाराला नव्हे. 'क' ला एक खण, हलन्ताला एक खण, 'ष' ला एक खण. 'क्ष' हे जोडाक्षर या तिघांच्या क्रमातून दाखविणाऱ्या यंत्रणेने घडवावयाचे. त्यामुळे शेकडो जोडाक्षरांचा प्रश्न मिटला आणि ब्राह्मीपासून निघालेल्या इतर भारतीय लिप्याही त्याच तक्त्यात बसल्या. इस्कीत 'लोटे' हे नाव चार बाइटमध्ये मावते : २०९, २२९, १८९, २२५.

इस्कीचा आणखी एक गुण अभ्यासकांनी पुरेसा नोंदविलेला नाही. तिचे खण वर्णमालेच्या क्रमाने लावलेले असल्यामुळे सी भाषेतील साधी बाइटवार तुलनाही मराठी नावे बऱ्याच अंशी योग्य क्रमाने लावू शके. जिस्ट कार्ड बसविलेल्या संगणकावर इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्राम मराठी मजकूर स्वीकारू शके, कारण त्याच्या लेखी तेही बाइटच होते. एक खोच मात्र होती. अनेक कंपायलरांमध्ये 'कॅर' हा प्रकार चिन्हसहित असतो. तेथे १२७ च्या वरचा बाइट ऋण संख्या म्हणून वाचला जातो. 'ल' चा २०९ हा तेथे उणे ४७ होतो. अशी ऋण संख्या तक्त्यातील स्थान शोधण्यासाठी वापरली की प्रोग्राम भलत्याच ठिकाणची स्मृती वाचू लागतो. दोष लिपीचा नव्हता, पण 'मराठी घातले की प्रोग्राम बंद पडतो' अशी समजूत होण्यास एवढे पुरेसे होते.

दुसरी दिशा आकारांची, म्हणजे फाँटची. १९९० च्या दशकात छपाईचे काम संगणकावर गेले तेव्हा प्रकाशनाच्या परदेशी प्रणालींना जोडाक्षरे घडविता येत नव्हती; बाइट दिला की फाँटमधील त्या क्रमांकाचा आकार त्या दाखवीत. तेव्हा लिपीचेच तुकडे करून ते आकार रोमन अक्षरांच्या खणांत ठेवण्याचा मार्ग निघाला. उभा दंड वेगळा, अर्धा 'क' वेगळा, रफार वेगळा, वेलांटी वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशी कितीतरी घराणी उभी राहिली आणि प्रत्येकाचा तुकड्यांचा तक्ता वेगळा होता. खुद्द सी-डॅकमध्येही माहितीसाठी इस्की आणि फाँटसाठी इस्फॉक अशा दोन व्यवस्था नांदत होत्या. टंकयंत्राच्या कळफलकावर बेतलेल्या कृतिदेवमध्ये 'लोटे' लिहिले की फाइलमध्ये पाच बाइट पडतात : १२१, १०७, ११५, ८६, ११५. यातील दुसरा काना आहे आणि तिसरा मात्रा. म्हणजे 'ओ' हा स्वर फाइलमध्ये कोठेही नाही, त्याचे दोन अवयव तेवढे आहेत. फाँट काढून घेतला तर हेच पाच बाइट रोमन लिपीतील पाच अक्षरे म्हणून दिसतात, आणि यंत्राच्या दृष्टीने ती तशी आहेतही.

छापखान्यांनी, वृत्तपत्रांनी आणि पर्यायाने महाविद्यालयांनी दुसरी दिशा स्वीकारली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अंक उद्या छापावयाचा असतो आणि संपादकाला कागदावर उतरलेली अक्षरे हवी असतात. परंतु या निवडीमुळे मराठी मजकुराचा एक मोठा साठा अशा बाइटमध्ये अडकला, ज्यांचा अर्थ मानकात नसून एखाद्या विक्रेत्याच्या फाँटफाइलमध्ये आहे. अनेक मराठी दैनिकांची संकेतस्थळे वाचण्यापूर्वी त्या त्या दैनिकाचा फाँट उतरवून घ्यावा लागे, हे त्या काळातील वाचकांना आठवत असेल.

रुंद वर्णाचे आगमन

याच सुमारास, १९९१ मध्ये, युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातील लिप्यांना एकच क्रमांकयादी देण्याची ही योजना. तिच्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे सलग १२८ खण मिळाले आणि त्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली गेली. हा वारसा आकड्यांत स्पष्ट दिसतो. 'क' पासून 'य' पर्यंत कोणत्याही व्यंजनाच्या १९९१ च्या इस्की क्रमांकात २१४६ मिळविले की युनिकोडचा संकेतांक मिळतो. पुढे इस्कीत 'य' नंतर नुक्ता असलेला 'य़' येतो, युनिकोडने तो त्या जागेवरून उचलला; म्हणून 'र' पासून 'ह' पर्यंतचा फरक २१४५ आहे. कानपूर-पुण्यातील तक्ता जागतिक मानकात जवळजवळ अखंड जाऊन बसला, ही भारतीय संगणनाच्या इतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना होय.

युनिकोडमध्ये 'लोटे' म्हणजे २३५४, २३७९, २३३५, २३७५. यातील एकही संख्या बाइटमध्ये मावत नाही. सी भाषेने या गरजेची चाहूल आधीच घेतली होती. १९८९ च्या अमेरिकन मानकात रुंद वर्णाचा स्वतंत्र प्रकार आणि त्याचे बाइटमध्ये रूपांतर करणारी 'डब्ल्यूसीटॉम्ब' व 'डब्ल्यूसीएसटॉम्ब्स' ही फंक्शने होती. १९९५ च्या दुरुस्तीने रुंद वर्णांची स्वतंत्र शीर्षफाइल आणली आणि तिच्यात 'डब्ल्यूसीटॉब' हे फंक्शन आले. त्याचे काम एका वाक्यात सांगता येते : दिलेला रुंद वर्ण चालू संकेतप्रणालीत एकाच बाइटने लिहिता येत असेल तर तो बाइट द्यावा, नसेल तर 'ईओएफ' हे ऋण मूल्य परत करावे.

या रचनेतील प्रामाणिकपणा लक्षात घेण्यासारखा आहे. फंक्शन जवळचे अक्षर शोधून देत नाही, लिपी बदलत नाही, अंदाज बांधीत नाही. बसत नसेल तर नाही म्हणते. 'डब्ल्यूसीआरटॉम्ब' हे त्याचे मोठे भावंडही वर्णाला प्रणालीत जागा नसेल तर उणे एक परत करते आणि चुकीची विशिष्ट खूण नोंदविते. पुढे काय करावयाचे ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवावयाचे. परंतु त्यासाठी परत आलेले मूल्य तपासावे लागते. आणि तपासले नाही तरी सी भाषा तक्रार करीत नाही. शिवाय प्रोग्रामच्या आरंभी 'सेटलोकेल' हे फंक्शन बोलावले नसेल तर कार्यक्रम 'सी' नावाच्या किमान परिसरात चालतो आणि तेथे मराठीला स्थान असण्याची शाश्वती नाही.

आपल्याकडील अध्यापनाची स्थिती येथे नोंदविणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील पदवी महाविद्यालयांत सी भाषा दीर्घकाळ टर्बो सी या डॉसवरील कंपायलरवर शिकविली गेली. हा कंपायलर १९९५ च्या दुरुस्तीच्या आधीचा. त्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याला रुंद वर्णाची नवी शीर्षफाइल दिसण्याचा संभवच नव्हता. 'अक्षर म्हणजे बाइट' हेच समीकरण घेऊन तो नोकरीस लागला आणि पुढे पतसंस्थांची, रुग्णालयांची, महाविद्यालयांची प्रणाली त्यानेच लिहिली. या दुव्याचा शोध शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनीही घ्यावा असे वाटते.

बाइट तोडला की काय होते

तपासणी न करता रूपांतर करण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग म्हणजे रुंद वर्ण थेट 'कॅर' मध्ये ओतणे. व्यवहारात अशा वेळी संख्येचा खालचा बाइट तेवढा राहतो. देवनागरीचा विभाग २३०४ पासून, म्हणजे २५६ च्या नेमक्या नवव्या पटीपासून सुरू होतो आणि १२८ खणांचा आहे. परिणामी प्रत्येक देवनागरी वर्णाचा खालचा बाइट शून्य ते १२७ या टप्प्यात, म्हणजे नेमका आस्कीच्या हद्दीत पडतो. मराठी मजकूर तोडला की तो तुटल्यासारखा दिसत नाही. तो इंग्रजीसारखा दिसतो. 'लोटे' तोडल्यावर ५०, ७५, ३१, ७१ हे बाइट उरतात : इंग्रजी अंक दोन, मोठा 'के', एक अदृश्य नियंत्रणचिन्ह आणि मोठा 'जी'.

हे नियंत्रणचिन्ह दुर्लक्षून चालणार नाही. 'ठ' चा खालचा बाइट ३२ आहे, म्हणजे कोरी जागा. 'ठाणे' या नावातील पहिले अक्षर असे तोडले की नाहीसेच होते. शब्दांना कोऱ्या जागेवर तोडणारा प्रोग्राम ते टाकून देतो. 'उ' चा ९, म्हणजे टॅब. तक्त्याच्या फाइलमध्ये 'उरण' लिहिले की नवा स्तंभ सुरू होतो. 'ऊ' चा १०, म्हणजे नवी ओळ. एकट्या देवनागरी मजकुरात ही मोडतोड सिद्धान्ततः परत जोडता येईल, कारण प्रत्येक बाइटमध्ये २३०४ मिळविले की मूळ संकेतांक येतो. परंतु प्रत्यक्षातील मजकुरात खऱ्या कोऱ्या जागा, खऱ्या ओळी आणि इंग्रजी शब्दही असतात. मग हे 'ठ' होते की खरोखरच जागा होती, हे सांगणारी खूण कोठेच राहत नाही.

दुसरा मार्ग प्रश्नचिन्हांचा. विंडोजमध्ये हे काम 'वाइडकॅरटूमल्टीबाइट' या फंक्शनकडे असते. २००० साली आलेल्या विंडोज २००० पासून देवनागरीला आधार मिळाला आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फाँट घरोघरी पोहोचला; पण हा आधार युनिकोडपुरताच होता. जुन्या एकबाइटी प्रोग्रामांसाठी विंडोजने पश्चिम युरोपीय, ग्रीक, अरबी अशा प्रणाली ठरविल्या होत्या; तशी देवनागरीसाठी ठरविली नाही. इस्कीला ५७००२ हा क्रमांक मिळाला खरा, पण तो मागून घ्यावा लागे. त्यामुळे युनिकोड मराठी जुन्या प्रोग्रामकडे गेली की प्रत्येक वर्णाच्या जागी ठरीव पर्यायी चिन्ह, म्हणजे प्रश्नचिन्ह, बसे. पर्यायी चिन्ह वापरावे लागले का हे कळविण्याची सोय त्या फंक्शनमध्ये आहे. तिचा उपयोग केला असता तर ती पावती छापली जाण्यापूर्वीच अडली असती. 'लोटे', 'खेड' आणि 'दापोली' यांची प्रश्नचिन्हे तेवढी लांबीने वेगळी असतात. लोटे आणि दुसरे कोणतेही चार संकेतांचे गाव यांत काही भेद उरत नाही, आणि ही हानी भरून काढण्याचा कोणताही उपाय नाही.

दऱ्या, दर्या आणि ॲसिड

यापेक्षा सूक्ष्म हानी तेथे होते, जेथे रूपांतर यशस्वी झाल्याचे दिसते. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हिंदीला या दुसऱ्या, निमुळत्या रकाराची गरज नाही, मराठीला आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात 'ऱ' या २३५३ क्रमांकाच्या वर्णाला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे शून्य-रुंदीचा जोडक. हा जोडक ८२०५ क्रमांकाचा असून देवनागरी विभागाच्या बाहेर आहे. स्वतः अदृश्य असल्यामुळे रूपांतराचे तक्ते लिहिणाऱ्यांना तो निरुपयोगी वाटण्याचा संभव फार. तो गाळला की काहीही बिघडल्यासारखे दिसत नाही, प्रश्नचिन्ह येत नाही, शब्द शुद्ध राहतो. फक्त खेड-चिपळूणच्या दऱ्यांचा दर्या होतो. कोकणासंबंधीच्या लेखनात हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात येऊ शकतात, तेव्हा मुद्रितशोधकालाही शंका येऊ नये.

इस्कीने याचा विचार केला होता. हलन्तापुढे नुक्ता लिहिला की तो मृदू हलन्त समजावा असा तिचा नियम आहे, आणि जोडकाचे काम त्यानेच भागते. पण याचा अर्थ असा की एक रुंद वर्ण म्हणजे एक बाइट हा हिशेब इस्कीतही पूर्णपणे जुळत नाही. मागचा-पुढचा संदर्भ पाहूनच बाइट ठरवावा लागतो. एकेका वर्णावर चालणारे फंक्शन येथे अपुरे पडते.

'ॲ' ची कथा याहून वेगळी आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठी 'अ' वर चंद्र देते, हिंदी 'ऍ' लिहिते. इस्कीत खण मिळाला तो 'ऍ' ला, आणि युनिकोडनेही प्रथम तोच घेतला. मराठी 'ॲ' ला २४१८ हा स्वतःचा संकेतांक मिळण्यास २००८ सालची ५.१ ही आवृत्ती यावी लागली. तोपर्यंत कोणी 'अ' आणि चंद्र वेगवेगळे जोडून काम भागविले, कोणी हिंदी रूप वापरले. या तीन रूपांना युनिकोड समतुल्य मानीत नाही. परिणामी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत टँकरांवर आणि फलकांवर ज्याची रोज गाठ पडते तो 'ॲसिड' हा शब्द एकाच माहितीसाठ्यात तीन प्रकारे असू शकतो आणि एका रूपाने शोध घेतल्यास उरलेली दोन सापडत नाहीत. नव्या 'ॲ' ला इस्कीच्या एका बाइटमध्ये जागाच नाही; तेथे त्याला पुन्हा दोन तुकड्यांत मोडावे लागते. १९९१ च्या तक्त्यात जे सुटले, ते मागे जाताना सुटलेलेच राहते.

तीन बाइटचे गणित

एका बाइटचा आग्रह सोडून बाइटचीच माळ वापरावी, हा तोडगा १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी युटीएफ-८ च्या रूपाने काढला. आस्कीचे अक्षर एका बाइटमध्ये, २०४७ पर्यंतचे संकेतांक दोन बाइटमध्ये, त्यापुढचे तीनमध्ये. ग्रीक, रशियन, अरबी लिप्या दोन बाइटच्या हद्दीत आल्या. देवनागरी त्या सीमेच्या अवघ्या २५६ खणांपलीकडे सुरू होते, म्हणून तिच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. 'लोटे' आता बारा बाइटचे झाले : २२४, १६४, १७८ हा 'ल', आणि पुढेही त्याच चालीने. आजच्या साठवणक्षमतेत याचे फारसे काही वाटण्याचे कारण नाही; भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात तेथे मराठीचे ७० संकेत मावतात, ही वेगळ्या प्रणालीमुळे होणारी अडचण सामान्य माणसाला अधिक जाणवते.

खरी अडचण साठवणीची नसून ठरावीक रुंदीच्या रकान्यांची आहे. गावाच्या नावासाठी वीस बाइट राखून ठेवणे ही जुनी पद्धत. इस्कीत 'लोटे परशुराम' हे नाव बारा बाइटमध्ये आरामात बसत होते. युटीएफ-८ मध्ये त्याला चौतीस लागतात. विसाव्या बाइटवर कात्री चालली की 'लोटे पर' एवढे उरते आणि 'श' च्या तीन बाइटपैकी पहिला एकटाच मागे लोंबकळतो. प्रारंभी उल्लेखिलेला रिकामा चौकोन तो हाच. येथे वर्ण लहान बाइटमध्ये कोंबलेला नाही. पण बाइट मोजले म्हणजे अक्षरे मोजली, ही जुनी समजूत तशीच आहे.

लिनक्सवरील मराठी परिसराला युटीएफ-८ हाच संच आहे. तेथे 'डब्ल्यूसीटॉब' ला कोणतेही मराठी अक्षर दिले तरी उत्तर 'ईओएफ' येते, आणि ते योग्यच आहे. एकबाइटी उत्तर असावे अशी अपेक्षा ठेवून लिहिलेला प्रोग्राम मात्र ते ऋण मूल्य पुन्हा 'कॅर' मध्ये ओततो आणि २५५ हा बाइट फाइलमध्ये लिहितो, जो युटीएफ-८ मध्ये कधीच वैध नसतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या मानकाने युटीएफ-८ च्या बाइटसाठी स्वतंत्र प्रकार दिला आहे. तो आपल्या अभ्यासक्रमांत येण्यास किती काळ लागेल हे पाहावे लागेल.

महाविद्यालयीन दप्तर

हा इतिहास आपल्या संस्थांच्या कपाटांत पडून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत अनिवार्य केली. मराठीतील कितीतरी प्रबंध तेव्हा जुन्या फाँटमध्येच टंकलिखित होत होते. त्यांच्या पीडीएफ प्रती डोळ्यांना सुवाच्य आहेत, पण त्यांतील परिच्छेद उचलून पाहिला तर रोमन अक्षरे हाती येतात आणि मराठी शब्दाने घेतलेला शोध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रस्तुत लेखकाच्या पिढीने ज्या पदवीसाठी परिश्रम घेतले ती एम.फिल. २०२२ च्या नियमावलीने बंद झाली. तिचे नवे प्रबंध आता होणार नाहीत. जे आहेत त्यांपैकी अनेकांची फाइल कृतिदेवात किंवा श्री-लिपीत आहे. महाविद्यालयांच्या नियतकालिकांचे १९९५ ते २००८ या काळातील अंकही बहुधा त्याच अवस्थेत सापडतील.

अशा फाइली युनिकोडमध्ये आणण्यासाठी आकारांचा तक्ता हाती असणे पुरेसे नाही. फाँटमधील मजकूर दिसण्याच्या क्रमाने असतो, उच्चाराच्या नव्हे. 'चिपळूण' मध्ये वेलांटी आधी आणि 'च' नंतर येतो. 'मूर्ती' मधील रफार 'ती' च्या नंतर असतो आणि तो 'त' च्या आधी नेऊन 'र' व हलन्त या रूपात उलगडावा लागतो. निमुळत्या रकारासाठी फाँटमध्ये वेगळा आकार असतो. निष्काळजी तक्ता त्यालाही साधा 'र्' समजतो आणि दऱ्यांचा पुन्हा दर्या होतो. वर्डच्या फाइलमध्ये फाँटचे नाव नोंदलेले असते, म्हणून निदान कोणता तक्ता लावावा ते कळते. तीच फाइल कोणी साध्या मजकुराच्या रूपात जतन केली असेल तर हे नाव जाते आणि समोर उरतात ते केवळ बाइट. तेव्हा ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत लेखक, वर्ष आणि पृष्ठसंख्या यांच्या शेजारी फाँटचे नाव व आवृत्ती यांचा रकाना असावा, आणि फाँटफाइलची एक प्रत त्या सीडीबरोबरच ठेवावी. आज हे काम अर्ध्या तासाचे आहे.

रूपांतर झाल्यावर त्याची परीक्षा घेण्याची एक जुनी रीत आहे : युनिकोड मजकूर उलट दिशेने पुन्हा त्याच फाँटच्या बाइटमध्ये न्यावा आणि मूळ फाइलशी बाइटवार ताडून पाहावा. सी भाषेत हा प्रोग्राम पन्नास ओळींच्या आत लिहिता येतो आणि द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला तो प्रकल्प म्हणून देता येईल. अट एवढीच की प्रत्येक फंक्शनचे परत आलेले मूल्य त्याने तपासावे आणि न बसलेल्या वर्णाची पृष्ठ व ओळ यांसह यादी करावी. 'लोटे' अशा यादीत येणार नाही. येतील ते निमुळत्या रकाराचे शब्द, 'ॲ' ने सुरू होणारे शब्द, आणि टंकलेखकाने फाँटमध्ये न सापडलेले जोडाक्षर दोन भलतेच तुकडे जोडून हाताने घडविलेले शब्द. ही यादी छापील प्रतीशी एकेक करून माणसालाच ताडावी लागते.